श्मश्रू, साबण आणि हिरवळ

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा प्रथम शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आणि तंजावरचे भोसले हेच विषय डोळ्यांसमोर उभे राहिले. परंतु या विषयांवर अधिकारी विद्वानांनी विपुल लिहून ठेवले आहे; आणि माझे भांडवल म्हणजे बी. ए.ला घेतलेला इतिहास व त्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीत घालवलेली तीस वर्षे. या तीस वर्षांत तुम्ही काय केलेत, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एवढेच की, रोज सकाळी दाढी केली, स्नान केले, भांग पाडला, आणि कचेरीच्या फाटकातून आत शिरताना दुतर्फा असलेल्या हिरवळीकडे ढुंकूनही न पाहता हजेरीपट गाठला. राजेरजवाड्यांच्या इतिहासात या गोष्टींना स्थान नाही. परंतु यांतली एकही गोष्ट अनादी कालापासून चालत आलेली नाही. प्रत्येकीला जन्मसाल आहे, आणि काहींच्या जन्मात आपल्या म्हैसूरचा व आपल्या मराठी माणसांचा हात आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आले.

पुण्याहून बदली होऊन अग्रहारात बिऱ्हाड केले त्याच आठवड्यात माझी पहिली फजिती झाली. नव्या कचेरीत रुजू होण्यापूर्वी केस कापून घ्यावेत म्हणून मंगळवारी सकाळी बाहेर पडलो, तो रामानुज रस्त्यापासून वाणीविलास बाजारापर्यंत एकूण एक केशकर्तनालयांना कुलूप! कोणी वारले की काय, अशी शंका आली. घरमालकांनी हसून सांगितले, ‘अहो, आज मंगळवार.’ पुण्याकडे ही दुकाने सोमवारी बंद असतात, कर्नाटकात मंगळवारी. मंगळवारी डोक्याला वस्तरा लावू नये ही जुनी समजूत. जो दिवस मुळातच गिऱ्हाईक नसण्याचा, तोच विश्रांतीचा ठरला, असे जाणकार सांगतात. म्हणजे पंचांगाने नाभिकाला साप्ताहिक सुटी दिली! आपल्याला रविवार कोणी दिला, ते पुढे येईलच.

अग्रहार या शब्दाचा अर्थ येथे राहणाऱ्यांना सांगणे नलगे. विद्वान ब्राह्मणांना निर्वाहासाठी दिलेली जमीन व वस्ती म्हणजे अग्रहार. राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा आपला हा भाग अशाच वस्तीवरून नाव पावला. भिंतीला भिंत लागून घरांच्या ओळी, पुढे ‘जगली’, म्हणजे आपल्याकडचा ओटा, आणि जगलीपुढे सडा घातलेली, रांगोळी काढलेली जमीन. आज वाहनांच्या गर्दीत एकशेएक गणपतींच्या देवळासमोर उभे राहून ही वस्ती डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. तरी एखाद्या आडगल्लीत जुनी जगली अजून दृष्टीस पडते.

अशा वस्तीत दाढी करणे ही काही सकाळी आरशासमोर पाच मिनिटांत उरकायची क्रिया नव्हती. ती दुसऱ्याच्या हाताने व्हायची आणि तिला तिथी लागायची. हे चित्र मी अग्रहारातल्या वृद्धांकडून ऐकले तेव्हा मला ते मुळीच परके वाटले नाही, कारण वाईजवळच्या आमच्या मूळ गावी आजोबांच्या लहानपणी नेमके तेच होते. गावचे नाभिक बलुतेदार. बगलेत धोकटी घेऊन घरोघर यायचे. धोकटीत वस्तरा, कात्री, नरुणी, चिमटा, पाण्याची वाटी, वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा आणि काच निखळू लागलेला एक आरसा. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचे, तीच वर्षाची मजुरी. बसायचे ते अंगणात, घरात नव्हे. आणि काम झाले की स्नान केल्याविना उंबरठा ओलांडायचा नाही. एकादशी नाही, अमावास्या नाही, मंगळवार-शनिवार नाही, श्रावणात नाही. उरलेल्या दिवसांतून पंचांग क्षौराचे दिवस काढून देई. डोक्याचा घेरा राखून मध्ये शेंडी, बाकी सर्व सफाचट. वडील वारले तर मिशीही जाई. थोडक्यात, माणसाचे डोके त्याचे स्वतःचे नव्हते. ते पंचांगाचे, जातीचे आणि सुतकाचे होते.

ज्याच्या हातात एवढा अधिकार, त्याला मात्र अंगणातच थांबवायचे, ही आपल्या समाजाची रीत. महाराष्ट्रात संत सेना महाराज आणि कर्नाटकात बाराव्या शतकातील बसवेश्वरांचे सहकारी शरण हडपद अप्पण्णा, या दोघांनाही नाभिक समाज आपले मानतो. आपल्याकडे श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी होते. इकडे या समाजाला ‘सविता समाज’ म्हणतात, आणि त्यातील कित्येक घराणी नागस्वर व डोलू वाजवण्यात पिढीजात निष्णात. आमच्या शेजारच्या लग्नात मांडवाच्या मानाच्या जागी बसून ज्यांनी मंगलवाद्य वाजवले, त्यांच्याच बंधूंच्या दुकानात मी गेली अनेक वर्षे केस कापतो. म्हणजे मंगलकार्यात ज्यांच्याविना अक्षता पडत नाहीत, त्यांच्याच हाताचा स्पर्श झाल्यावर एके काळी स्नान करावे लागे! असो.

ही घडी विस्कटली ती कचेरीच्या घड्याळामुळे. आमच्या आजोबांच्या वडिलांचे एक छायाचित्र घरी आहे. डोक्यावर पागोटे, अंगात लांब कोट. तशीच चित्रे म्हैसूरकडचीही दिसतात. दरबारचा पोशाखच मुळी काळा लांब कोट, पांढरी विजार आणि जरीकाठी म्हैसूर पेटा असा. शिरोवेष्टनाखाली घेरा आहे की शेंडी आहे हे पाहणाऱ्याला कळायचे कारण नव्हते. पगडी-पेटा होता तोवर जुने डोके आणि नवी नोकरी सुखाने एकत्र नांदली. पुढे पगडीची टोपी झाली, टोपीही गेली, आणि उघड्या डोक्यावर केस राखण्याची पाळी आली. केस राखले की कापायला हवेत, विंचरायला हवेत, तेल हवे, कंगवा हवा. तरुण मुलाने शेंडी कापली म्हणून घरोघर झालेले रुसवेफुगवे आपल्यापैकी अनेकांनी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकले असतील. त्या भांडणात धर्म किती आणि पगडी उतरल्याचा परिणाम किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही.

आता रविवार. इंग्रजी कचेऱ्यांतील बाबूंना तो साहेबाच्या धर्माबरोबर आयताच मिळाला. गिरणीतल्या कामगाराला तो भांडून घ्यावा लागला. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस सुटीची मागणी केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, तेव्हा तो दिवस आमच्या देवासाठी व समाजासाठी मोकळा असावा, हा त्यांचा युक्तिवाद मला फार मार्मिक वाटतो. परक्या धर्माची सुटी त्यांनी जेजुरीच्या वाटेने घरी आणली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. आपल्याकडे रविवारी केशकर्तनालयासमोर जी रांग लागते, तिचा आरंभ मी या तारखेपासून धरतो.

त्याच १८९० च्या सुमारास, लोखंडे यांच्याच पुढाकाराने, मुंबईत शेकडो नाभिक एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा ठराव त्यांनी केला. वरच्या जातींतील सुधारक त्या काळी या प्रश्नावर वर्तमानपत्रांतून वाद घालत होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी वाद न घालता वस्तरा खाली ठेवला. कामकरी माणसाने आपले कौशल्य नाकारून केलेले इतके शुद्ध सत्कृत्य मला तरी दुसरे ठाऊक नाही. शाळेच्या पुस्तकात ते आम्हांला कधी भेटले नाही, बी. ए.लाही नाही.

यापुढची हकीगत आपल्या म्हैसूरची आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. अंगाला साबण लावणे ही आज इतकी साधी गोष्ट की तिला इतिहास असेल असे वाटत नाही. परंतु आपल्या घरांतून हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि शिकेकाई हीच स्नानाची सामग्री होती. साबण म्हटला की त्यात जनावराची चरबी असणार, ही शंका दृढ होती. देवपूजेपूर्वी अंगाला चरबी कोण लावून घेणार?

म्हैसूर संस्थानचे खरे सुगंधी धन म्हणजे चंदन. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनवृक्ष सरकारी मालकीचा ठरवला, आणि ती मक्तेदारी वडियार राजांच्या काळातही चालू राहिली. लाकूड येथे तोडायचे, लिलावात विकायचे आणि त्याचे तेल युरोपात, विशेषतः जर्मनीत, काढायचे असा क्रम होता. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, जहाजे थांबली आणि चंदनाचे ओंडके संस्थानच्या वखारींत पडून राहिले. त्या वेळी दिवाणपदी होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हे गृहस्थ आपल्याला परके नव्हेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झाले, १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे असे फिरले, आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून त्यांनी नाव मिळवले. म्हैसूरचे दिवाण ते १९१२ ते १९१८ या काळात होते. (त्यांच्या आधीचे दोन्ही दिवाण, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव, हे तंजावरकडील मराठी घराण्यांतले, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.)

ओंडके पडून आहेत तर तेल येथेच का काढू नये, या प्रश्नाचे उत्तर शोधायला बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेतील सडबरो आणि वॉटसन हे प्राध्यापक लागले. १९१६ मध्ये बंगळूरला आणि लगोलग १९१७ मध्ये म्हैसूरला सरकारी चंदनतेलाचा कारखाना निघाला. मानंदवाडी रस्त्याकडून जाताना जुन्या माणसांना वास यायचा तो याच कारखान्याचा. तेलाच्या मागोमाग साबणाची कल्पना आली. सोसले गरळपुरी शास्त्री नावाच्या तरुण रसायनज्ञाला साबणाचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला पाठवण्यात आले. परत येऊन त्यांनी चंदनतेल घातलेला म्हैसूर सँडल साबण सिद्ध केला. लोक त्यांना पुढे ‘साबण शास्त्री’च म्हणू लागले. वडीला लंबगोल आकार, दागिन्याच्या डबीसारखे वेष्टन आणि त्यावर गजमुख व सिंहाचे अंग असलेला शरभ. शास्त्री आडनावाच्या माणसाने केलेला, राजाच्या कारखान्यातला आणि देवाच्या गंधाचा वास असलेला साबण! सोवळ्यातल्या आजीबाईंच्या मनातली शंका दूर करायला याहून अधिक काय हवे होते? त्याच सुमारास मुंबईत गोदरेज मंडळींनीही चरबीविरहित साबण बाजारात आणला होता. आमच्या आजीने या दोहोंखेरीज तिसरा साबण न्हाणीघरात येऊ दिला नाही. १९८० पासून म्हैसूर सँडलचा कारभार राज्य सरकारच्या कंपनीकडे आहे. गावाकडून पाहुणे आले की परतताना पिशवीत म्हैसूरपाकाच्या शेजारी याच्या वड्या घालायच्या, हा आपल्या घरांतला नियम मोडल्याचे मी पाहिलेले नाही.

साबणाचा फेस आला तसा वस्तराही घरात आला. त्याची कथा थोडक्यात सांगता येते. जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पातळ पात्याचा, न कापणारा वस्तरा काढला. १९०३ या पहिल्या वर्षी विकले गेले अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी वस्तऱ्यांची संख्या नव्वद हजारांवर गेली. महायुद्धात अमेरिकन सरकारने प्रत्येक सैनिकाला तो दिला, आणि घरी परतलेल्या शिपायाने स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जगभर नेली. आमच्या वडिलांचे पितळी यंत्र, तुरटीचा खडा आणि पाते पाण्याच्या पेल्यात आतल्या बाजूने घासून आणखी दोन दिवस चालवण्याची त्यांची युक्ती मला अजून आठवते. परंतु या साध्या वस्तूने केवढी उलथापालथ केली! पंचांगाचा दिवस गेला. अंगणात बसणे गेले. दाढी ही पुरुषाने एकट्याने, बंद दाराआड, कचेरीच्या वेळेआधी उरकायची बाब झाली. नाभिकाची रोजची कमाई मात्र त्याच पात्याने कापली, हेही नोंदवले पाहिजे. मग धोकटी बंद करून तो रस्त्यावर आला, त्याने दुकान मांडले, खुर्ची आणली, समोरासमोर दोन मोठे आरसे लावले, आणि गिऱ्हाईक त्याच्या दारी जाऊ लागले. अंगणात थांबणारा आता दुकानाचा मालक झाला.

पण त्या दुकानात कोणी जावे? २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा चालू होती. मसुद्यात ‘दुकाने’ असा शब्द होता. त्यात कपडे धुण्याची आणि केस कापण्याची दुकाने येतात काय, असा मुद्दा निघाला. डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला की, येथे दुकान हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे. जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा देण्यास तयार आहे, त्याची ती जागा म्हणजे दुकान. आज तो राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद आहे. एवढ्या थोर सभेने न्हाव्याच्या दुकानाचा विचार करावा, याचे कोणास हसू येईल. मलाही विद्यार्थिदशेत आले असते. ते का येऊ नये, हे मला पुढे एका माळ्याने शिकवले. त्यासाठी हिरवळीकडे वळले पाहिजे.

मराठीत ‘अंगणात गवत उगवले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. अंगणात गवत म्हणजे घरात माणूस उरले नाही. सडा-सारवण करणारा हात असेल तेथे गवत कसे वाढेल? अग्रहारातही तेच, जगलीपुढची जमीन लखलखीत हवी. मग दारासमोर मुद्दाम गवत लावायचे, त्याला पाणी घालायचे आणि वाढले की कापून टाकायचे, ही उफराटी रीत आपल्याकडे आली कोठून?

ती आली विलायतेतून, आणि तेथेही ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती १८३० साली. ग्लॉस्टरशर परगण्यात एडविन बडिंग नावाचा कारागीर कापडाच्या गिरण्यांसाठी कामे करी. लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरणारे एक फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने गवत कातरायचे यंत्र बनवले. कापडाची, गालाची आणि जमिनीची अशी तिन्ही लव एकाच शतकात यंत्राखाली आली, असे म्हणता येईल! विस्तीर्ण हिरवळींवर हे यंत्र तिकडे घोडा ओढी, आणि खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्याच्या पायांत कातडी बूट घालत. आपल्या देशात ते काम बैलांकडे आले.

म्हैसूरला हिरवळीचे शास्त्र आणणारे गुस्ताव क्रुंबीगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी आपल्या बडोद्याला होते. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना १८९३ मध्ये तेथील बागांसाठी आणले. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले आणि १९३२ पर्यंत बंगळूरचे लालबाग त्यांच्या देखरेखीखाली होते. मिर्झा इस्माईल दिवाण असताना कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी जे वृंदावन उद्यान झाले, त्यातही त्यांचा हातभार होता. शहरात याआधीच बदल सुरू झाला होता. १८९८ च्या प्लेगने दाट वस्त्यांची दैना केली. तेव्हा प्लेग निवारणाचे काम पाहणारे अधिकारी होते वर सांगितलेले व्ही. पी. माधवराव. पुढे १९०३ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन होऊन अग्रहाराला लागून चामराजपुरम्, लक्ष्मीपुरम् यांसारख्या मोकळ्या वसाहती वाढल्या. भिंतीला भिंत सुटली, घराभोवती जागा आली आणि त्या जागेत गवताला मान मिळाला.

गंमत अशी की, हे विलायती वैभव ज्या गवताचे, ते बहुतेक ठिकाणी आपली हरळीच असते. म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, कानडीत ‘गरिके’. ऊन सोसते, तुडवले तरी मरत नाही, गाठीगाठीला मूळ धरते. साहेबाच्या बंगल्यापुढची मखमल आणि गजाननाच्या मस्तकावरची जुडी एकाच कुळातली. आमच्या सरकारी वसाहतीत गणेशचतुर्थीच्या पहाटे हिरवळीवर बायकामुलांची झुंबड उडते आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून होतात. नियमाप्रमाणे ती सरकारी मालमत्तेची हानी आहे. आजवर कोणी कारणे दाखवा नोटीस काढलेली नाही.

आता त्या माळ्याविषयी. १९९८ सालची गोष्ट. एका केंद्रीय कचेरीत मी प्रशासन शाखेत होतो आणि बागेची देखरेख ही माझ्याकडची जादा जबाबदारी होती. वरिष्ठ अधिकारी तपासणीला येणार होते. आमचे माळी पन्नाशीचे, सावळे, अबोल. नंजनगूडच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज बसने येत. पावसाळा नुकताच सरलेला, गवत माजलेले. त्यांनी तीन दिवस ते हाताने ढकलायचे यंत्र चालवले, कडा विळ्याने साधल्या, आणि हिरवळ गालिच्यासारखी केली. तपासणीच्या आदल्या दिवशी माझी नजर त्यांच्याकडे गेली. दाढी गुळगुळीत होती, पण केस मानेवर रुळत होते. मी म्हणालो, ‘गवत उत्तम कापलेत. आता तुमचेही केस कापून या. उद्या साहेब येणार.’ हा मला विनोद वाटला होता.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘रविवारी कापतो, स्वामी. म्हैसुरात. गावात आमचे कापत नाहीत.’

मला क्षणभर काही उमगेना. ते पुढे म्हणाले, ‘दाढीचे काय, ब्लेड आणले की आपली आपण होते. डोके मागून दिसत नाही ना! त्याला दुसऱ्याचा हात लागतो.’

जिलेटचा वस्तरा, घटनेचा १५ वा अनुच्छेद, लोखंड्यांचा रविवार हे सर्व त्या दोन वाक्यांत मला मिळाले, आणि मी मात्र इतिहासाचा पदवीधर! त्यांच्या गावात दुकान नव्हते असे नव्हे; ते होते, पण त्यांच्यासाठी नव्हते. त्यांचा रविवार जायचा तो बसचे भाडे भरून आठवड्याच्या सुटीत पुन्हा म्हैसूरला येण्यात. कचेरीच्या वेळेत जाऊन या, असे मी म्हणू शकलो असतो. त्या क्षणी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी हिरवळीची स्तुती केली आणि ती अहवालात माझ्या नावावर जमा झाली.

त्या रविवारी मी आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो तो रांगेत हेच बसलेले. इतकी वर्षे त्याच दुकानात ते येत होते आणि मी कधी पाहिले नव्हते. किंवा पाहिले असेल, पण ओळखले नव्हते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचा नंबर लागला. तोच पांढरा कपडा, तीच कात्री. दुकानदाराने आधी त्यांना विचारले, मग मला, एकाच स्वरात, ‘मशीन की कात्री?’ आम्ही आरशातून एकमेकांकडे पाहून हसलो. पुढे अनेक रविवारी आमची तेथे गाठ पडली. गवताविषयी आम्ही पुष्कळ बोललो, गावाविषयी नाही.

हे सारे जुने झाले, असे म्हणण्याची सोय नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये याच नंजनगूड तालुक्यातील हल्लरे गावातल्या एका नाभिकाची हकीगत वर्तमानपत्रांतून देशभर गाजली. त्याने दलितांचे केस कापले म्हणून गावच्या पुढाऱ्यांनी त्याच्यावर पन्नास हजारांचा दंड लादला आणि बहिष्कार घातला, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे आता दुकानदाराची तयारी आहे, कायदा त्याच्या बाजूला आहे, आणि तरीही खुर्ची मोकळी नाही. १८९० साली वस्तरा खाली ठेवणाऱ्यांना जेवढे धैर्य लागले असेल, तेवढेच यांना तो उचलायला लागते. अग्रहाराहून हे गाव दूर नाही.

आमचे माळी सेवानिवृत्त झाले. सहाव्या वेतन आयोगानंतर ‘गट ड’ ही श्रेणीच विलीन झाली आणि २०१० पासून माळ्याचे काम ‘बहुकार्य कर्मचारी’ या पदाच्या कर्तव्यसूचीत एका ओळीत आले : उद्याने, हिरवळ व कुंड्यांची निगा. प्रत्यक्षात ते कंत्राटदाराकडे गेले. जून १९८५ पासून आम्हां प्रशासकीय कचेऱ्यांतील मंडळींना पाच दिवसांचा आठवडा आहे. कंत्राटी मुलाला तो आहे की नाही, हे त्याच्या कंत्राटात लिहिलेले नाही. पेट्रोलवर चालणारे यंत्र खांद्याला अडकवून तो दीड तासात सर्व हिरवळ साफ करतो. मुलगा चुणचुणीत आहे. केस अगदी नव्या तऱ्हेने कापलेले, बाजूंनी बारीक, वर तुरा. तोही नंजनगूडच्याच बाजूचा, रोज पहाटेच्या बसने येतो. ते केस त्याने कोठे कापून घेतले, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.